प्रवासासाठीची पिकअप: वजनाची मर्यादा आणि फेरफार, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टपावर तंबू, मागच्या हौद्यावर कॅनोपी (टणक झाकण) आणि पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) असा पिकअपचा एखादा फोटो कुठे फिरला, की आठवड्याभरात तेच प्रश्न पुन्हा येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून बोटं दुखली, म्हणून सगळं इथे एकत्र केलंय. उत्तरं हायलक्स, व्ही-क्रॉस अशा डबल केबिनच्या डिझेल फोर बाय फोर गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. ज्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय, तिथे फक्त क्रमांक दिलाय.

१. पेलोड म्हणजे हौद्यात भरायचा माल, एवढंच ना?

नाही, आणि निम्मे घोटाळे इथेच सुरू होतात. आरसीवर दोन आकडे असतात, रिकामं वजन आणि सकल वजन (जीव्हीडब्ल्यू, म्हणजे सगळं भरून गाडीचं जास्तीत जास्त वजन). दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरतो तो पेलोड. कंपनीतून निघाल्यानंतर गाडीत चढलेली प्रत्येक गोष्ट यात येते: माणसं, कॅनोपी, सीटखालचा कंप्रेसर, ट्रेलर असेल तर हुकवर टेकणारा भार, आणि कुत्रा नेत असाल तर कुत्राही. मोटार वाहन कायद्यात रिकाम्या वजनाची व्याख्याच चालक आणि मदतनीस वगळून केलेली आहे. म्हणजे स्टिअरिंगमागे बसलेले तुम्ही स्वतःसुद्धा 'माल'च.

२. माझ्या गाडीची मर्यादा कुठे सापडेल?

सकल वजन आरसीवर असतं. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची वेगवेगळी मर्यादा गाडीवरच्या प्लेटवर किंवा हँडबुकात मिळते. ती आत्ताच लिहून ठेवा, प्रश्न ५ मध्ये लागेल. एकाच गाडीच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक मॉडेलचं रिकामं वजन वेगळं असतं, त्यामुळे मित्राच्या गाडीचा आकडा तुम्हाला चालत नाही. शोरूममध्ये कुणी "साहेब, टनभर माल आरामात जातो" म्हणालं असेल, तर ते विसरून जा.

३. साडेसातशे किलो पेलोड आहे. चार माणसं आणि कॅम्पिंगचं सामान सहज बसेल ना?

करून बघू. हिशेब सोपा पडावा म्हणून आकडे गोल घेतलेत: सकल वजन २,९०० किलो, रिकामं २,१५०, हातात ७५०.

चार माणसं सरासरी ७५ किलोची धरली तर ३००. उरले ४५०. आता फायबरची कॅनोपी ७०, तिच्यावरचं कॅरियर ३०, टपावरचा तंबू ६५, हौद्यातले सरकते ड्रॉवर ७०, भरलेला फ्रिज ४०, पाण्याची टाकी पाण्यासकट ६५, दुसरी बॅटरी आणि इन्व्हर्टर ३५, पुढचा लोखंडी बंपर आणि विंच मिळून १००, जॅक, पट्टे, कंप्रेसर, हत्यारं ३५, आणि जाड टायरांचे वरचे २०. बेरीज ५३०. म्हणजे अजून एकही पिशवी चढली नाही, पोह्याचा डबा घेतला नाही, आणि आपण ८० किलोनी वर गेलो. चौघांचे कपडे-बिछाने ६० आणि चूल, गॅस, शिधा ४० धरले तर १८० किलो जास्त.

यातला एकही आकडा फुगवलेला नाही. लोखंडी कॅनोपी घेतली तर उलट वाढेल. ज्यांनी ज्यांनी मला "माझी गाडी तर रिकामीच असते" असं लिहिलं, त्यांना मी हा तक्ता स्वतःच्या सामानासकट भरून पाठवायला सांगितला. बहुतेकांचं पुढचं पत्र आलं नाही.

४. प्रत्यक्ष वजन कुठे आणि कसं करायचं?

वजनकाट्यावर. मार्केट यार्ड, खडीमशीन, भंगाराचे मोठे ठेकेदार, साखर कारखान्याचा परिसर, कुठेही काटा सापडतो. थोड्या पैशांत छापील पावती मिळते. टाकी फुल्ल करा, सगळं सामान भरा, प्रवासाला येणारी माणसं बसवा आणि मग जा. "सामान नंतर जोडू" असं करून वजन केलंत, तर ते नंतर कधीच जोडलं जात नाही.

तीन पावत्या घ्या. आधी पूर्ण गाडी काट्यावर. मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर. मग उलट. काट्याच्या तोंडाशी चढ असेल तर दुसरे दोन आकडे चुकतात. गाडी आडवी सपाट उभी राहील असाच काटा निवडा. पुढचं आणि मागचं मिळून पहिल्या पावतीशी दहा-वीस किलोंच्या फरकाने जुळलं पाहिजे. मोठे काटे पाच-दहा किलोंच्या टप्प्यानेच मोजतात, तेवढं सोडून द्यायचं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उसाच्या दोन ट्रॅक्टरांच्या मधे रांगेत होतो. काटेवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढून हौद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मालक, माल कुठंय?" मी म्हटलं, मालच नाही, एवढंच आहे. त्याने पावती फाडली, आकडा पाहिला, परत गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग हे काय लोखंड खाऊन आली का?" मर्यादेपेक्षा १४० किलो जास्त होते.

५. एकूण वजन मर्यादेत आहे, तरी गाडी मागे बसते. असं का?

कारण वजन किती आहे याइतकंच ते कुठे आहे यालाही महत्त्व आहे. गाडी म्हणजे दोन टेकूंवरची फळी समजा. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोघींच्या टेकूंमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, साधारण ३,१०० मिमी. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे एक मीटरवर, म्हणजे फाळक्याजवळ (हौद्याच्या मागच्या दाराजवळ), १५० किलो ठेवले तर मागच्या अ‍ॅक्सलवर १५० नाही, सुमारे १९८ किलो वाढतात आणि पुढचा अ‍ॅक्सल ४८ किलोनी हलका होतो. सी-सॉवर जाडा मुलगा अगदी टोकाला बसावा, तसं. पुढचं हलकं झालं की स्टिअरिंग पोकळ लागतं आणि ओल्या घाटात वळणावर गाडी बाहेर सरकते.

म्हणून जड वस्तू (पाणी, बॅटरी, हत्यारं) हौद्याच्या पुढच्या भिंतीला चिकटून आणि तळाशी. उशा, बिछाने, कपडे फाळक्याकडे. बहुतेक जण बरोबर उलट करतात, कारण फ्रिज फाळका उघडल्या उघडल्या हाताला लागावा असं वाटतं.

६. मग पुढे विंच बसवून मागचा भार तोलता येईल का?

कागदावर तोल साधतो, रस्त्यावर नाही. पुढच्या अ‍ॅक्सलच्या ७०० मिमी पुढे १०० किलो टांगले तर पुढच्या अ‍ॅक्सलवर सुमारे १२३ किलो येतात, मागचे २३ कमी होतात. एकूण मात्र १०० वाढलेच. शिवाय दोन्ही टोकांना वजन असलेली गाडी खड्ड्यात गेल्यावर लवकर स्थिरावत नाही, बोटीसारखी डुलत राहते.

७. पाट्यात (एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगमध्ये) एक पान वाढवलं की पेलोड वाढतो का?

हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. वाढत नाही. गाडी बसायची थांबते, दिसायला छान दिसते, एवढंच. सकल वजन ठरवताना कंपनी पाटे, चासी, अ‍ॅक्सल, हबचे बेअरिंग, ब्रेक, टायर यांतला जो दुवा सर्वात कच्चा असेल त्याकडे बघते. पाटा मजबूत केल्याने ब्रेक मोठे होत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने तर आरसीवरचा आकडा जसाच्या तसा राहतो.

मग पान घालूच नये का? कायम सामान असलेल्या गाडीला, वजन मर्यादेत ठेवून, भारानुसार बनवलेला पाट्यांचा पूर्ण संच घालणं शहाणपणाचं आहे. जुन्या संचात कुठल्याशा ट्रकचं पान कापून घुसवणं नाही. ते एकटंच सगळा भार घेतं, बाकीची पानं नुसती सोबतीला, आणि मग तेच तुटतं.

माझी स्वतःची चूक सांगतो. एका गॅरेजमध्ये पान वाढवून घेतलं आणि आठवड्यात स्पितीला निघालो. काझाच्या अलीकडे गाडी सरळ रस्त्यावर किंचित तिरकी चालायला लागली, खेकड्यासारखी. खाली वाकून पाहिलं तर डावीकडच्या, पाटे अ‍ॅक्सलला जखडणाऱ्या यू-बोल्टचे नट हाताने फिरत होते, पाटे धरून ठेवणारा सेंटर बोल्ट तुटला होता आणि अ‍ॅक्सल दोन बोटं मागे सरकला होता. नवीन पाटे दबून बसतात तसे यू-बोल्ट ढिले होतात. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर ते पुन्हा ठरलेल्या टॉर्कने आवळायचे असतात. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जॅक, दोर आणि एका मालट्रकच्या ड्रायव्हरकडचा जुना बोल्ट यावर काझा गाठलं.

८. पाट्यांच्या जोडीला हवेच्या पिशव्या बसवू का?

हलक्या, अधूनमधूनच्या भारासाठी ठीक. कायमच्या जड भारासाठी आणि खराब रस्त्यासाठी मी बसवणार नाही. कारण साधं आहे. पाटा चासीला दोन ठिकाणी जोडलेला असतो, अ‍ॅक्सलच्या पुढे आणि मागे, त्यामुळे भार वाटला जातो. हवेची पिशवी त्या दोघांच्या मधोमध एकाच ठिकाणी चासीला ढकलते. मागे टोकाला जड सामान, मधे हा एकच टेकू आणि खाली खड्डे, अशा स्थितीत चासी तिथूनच वाकते. ऑस्ट्रेलियाच्या कच्च्या रस्त्यांवर कॅराव्हॅन ओढणाऱ्या डबल केबिन पिकअपच्या वाकलेल्या चासींचे फोटो याच कारणाने प्रसिद्ध आहेत. बसवल्याच असतील तर गाडी उभी करण्यापुरतीच हवा भरा, दगडासारख्या कडक करू नका.

९. दोन इंच लिफ्ट केलं तर काय फरक पडतो?

वजनाच्या बाबतीत काहीच फायदा नाही. गुरुत्वमध्य मात्र वर जातो आणि टपावर तंबू असेल तर आणखीच. एक गोष्ट लिफ्ट करणारेही विसरतात. काही पिकअपना मागच्या ब्रेकसाठी भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, गॅरेजात त्याला एलएसपीव्ही म्हणतात. चासीवर व्हॉल्व्ह आणि तिथून अ‍ॅक्सलपर्यंत एक दांडी. भार आला, चासी खाली आली, दांडी हलली की मागच्या ब्रेकला जास्त दाब. गाडी दोन इंच उचलली आणि दांडी तशीच ठेवली, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. भरलेल्या गाडीला मागून कमी ब्रेक मिळतो. आपल्या गाडीला तो आहे का, हे खाली वाकून बघा, असेल तर दांडी जुळवून घ्या. लिफ्टनंतर हेडलाइटही खाली करून घ्या.

१०. टायर बदलताना वजनाच्या दृष्टीने काय बघायचं?

आकारानंतरचा छोटा आकडा. २६५/६५ आर १७ च्या पुढे ११२ लिहिलं असेल तर एक टायर १,१२० किलो पेलतो. ११० म्हणजे १,०६०. ११६ म्हणजे १,२५०. १२१ म्हणजे १,४५०. हा भार पूर्ण हवा असताना. वाळूत किंवा दगडगोट्यांत हवा कमी केली की क्षमताही कमी होते, म्हणून तेव्हा वेगही कमी. कंपनीच्या टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर, कितीही रुबाबदार असला तरी, घेऊ नका.

लडाखला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: पुण्यात भरलेली हवा खर्दुंग ला वर, म्हणजे पाच हजार मीटरच्या वर, बाहेरचा दाब घटल्यामुळे गेजवर पाच-सहा पीएसआय जास्त दिसेल. थंडीने त्यातले थोडे कमी होतील. खिंडीत घाबरून हवा सोडू नका. खाली उतरलात की भरलेली गाडी कमी हवेवर चालेल आणि टायर तापेल.

११. टपावरच्या तंबूत तीन माणसं झोपतात, म्हणजे टप दोनशे किलो पेलतो. मग गाडी चालताना शंभर किलो का नको?

उभ्या गाडीचा भार आणि चालत्या गाडीचा भार वेगळा. उभ्या गाडीवर वजन फक्त खाली दाबतं. चालताना तेच वजन प्रत्येक खड्ड्यात उसळतं, प्रत्येक वळणावर बाजूला खेचतं. हँडबुकात दिलेली मर्यादा चालत्या गाडीची असते, ती बघा. कॅनोपीवर तंबू लावणार असाल तर कॅनोपी बनवणाऱ्याने दिलेली मर्यादाही. तंबू ६५ आणि कॅरियर ३० म्हणजे ९५ किलो झालेच. तिथे वर डिझेलचे कॅन बांधलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मागे गाडी ठेवत नाही.

१२. लडाखसाठी ज्यादा डिझेल किती न्यावं?

मनालीच्या बाजूने तांडीच्या पंपावर "पुढचा पंप ३६५ किलोमीटर" असा बोर्ड आहे. त्याच्यासमोर फोटो काढतात आणि मग घाबरून चार कॅन भरतात. हायलक्सची टाकी ८० लिटरची. भरलेल्या गाडीने लिटरला नऊ दिले तरी सातशे किलोमीटर. तांडीला फुल्ल करा आणि चला, कॅनची गरज नाही. छोट्या टाकीची गाडी असेल, किंवा लेहच्या पुढे पँगाँग-हानले असा मोठा फेरा असेल, तर एक कॅन पुरे. डिझेल लिटरला सुमारे ८३० ग्रॅम, म्हणजे २० लिटरचा कॅन डब्यासकट वीस किलोच्या आसपास.

१३. आणि पाणी?

लिटरला एक किलो, त्यात सूट नाही. हिमाचल-लडाखमध्ये रोज वस्ती लागते. दिवसाला माणशी पाच-सहा लिटर पिण्या-स्वयंपाकाला पुरतं. साठ लिटरची टाकी असेल तर असू द्या, ती पूर्ण भरलीच पाहिजे असा नियम नाही.

१४. लोखंडी बंपर आणि विंच कायदेशीर आहे का?

खरं उत्तर अप्रिय आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. पादचाऱ्याला होणारी इजा आणि एअरबॅग हे मुद्दे त्यामागे आहेत, आणि ते खोटे नाहीत. कंपनीचा मूळ बंपर काढून लोखंडी लावला, तर रस्त्यात कुणी अडवल्यास वाद घालायला तुमच्याकडे फारसं काही नसतं. कायद्यात अनधिकृत फेरफाराला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

वजनाच्या बाजूने पाहिलं तरी (प्रश्न ६) माझं मत विंचच्या विरोधात आहे. आठ वर्षांत मला विंच तीनदा लागली असती. तिन्ही वेळा पट्टा आणि दुसरी गाडी यांनी काम झालं. एकटेच फिरत असाल तर गोष्ट वेगळी, पण मग तारेऐवजी सिंथेटिक दोर घ्या, पुढचं वजन बरंच उतरतं.

१५. कॅनोपी, ड्रॉवर, झोपायचा ओटा यांचं पासिंग करावं लागतं का?

मूळ नियम मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा: आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. हौद्यात पट्ट्यांनी बांधलेले ड्रॉवर आणि ओटा, जे चार बोल्ट सोडले की बाहेर निघतात, ते व्यवहारात सामानच धरले जातात. चासी कापणं, हौदा काढून पेटी बसवणं, सीट वाढवणं, बॉडीचा प्रकार बदलणं ही वेगळी गोष्ट. कायमचं घरच बांधायचं असेल तर मोटार कॅराव्हॅन हा स्वतंत्र प्रकार आहे, त्याला एआयएस-१२४ हे मानक आहे. ते काम आरटीओत आधी विचारून आणि मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरकडेच करा. "करून घेऊ, मग बघू" या क्रमाने पैसे बुडतात.

१६. पांढऱ्या पाटीच्या गाडीला ओव्हरलोडचा दंड लागतो का? पोलीस तर कधी विचारत नाहीत.

लागतो. कलम ११३ कोणत्याही मोटार वाहनाबद्दल बोलतं: आरसीवरच्या सकल वजनापेक्षा जास्त भरून गाडी चालवायची नाही. कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये, वर प्रत्येक ज्यादा टनाला २,०००, आणि जास्तीचा माल उतरवण्याचा खर्चही तुमचा. भार बाजूंनी, पुढे-मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर त्याचेही २०,०००. कुणी विचारत नाही हे खरंय. अपघात झाल्यावर मात्र सगळेच विचारतात. त्याबद्दल प्रश्न २१.

१७. पण २०१८ मध्ये सरकारने वजनमर्यादा वाढवली होती ना?

ती मालवाहू गाड्यांच्या अ‍ॅक्सलची कमाल मर्यादा. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला १०.२ टनांवरून ११.५ टन, असे ते आकडे आहेत. रस्ता किती सोसेल, याचा तो हिशेब. आपल्या पिकअपचा अख्खा आकडा तीन टनांच्या आत. तिला ती वाढ कुठून लागणार?

१८. भाऊ मेलबर्नला असतो. त्याने तिकडे 'जीव्हीएम अपग्रेड' करून घेतलं. आपल्याकडे का नाही?

तिकडे तशी अधिकृत वाट आहे. तपासून प्रमाणित केलेला पाटे-स्प्रिंगचा संच मान्यताप्राप्त संस्थेने बसवला आणि कागद झाले, की सकल वजनाचा आकडाच काहीशे किलोंनी वाढतो, आणि पोलिसाला दाखवायला प्रमाणपत्र मिळतं. साध्या कार लायसन्सवर तिथे साडेचार टनांपर्यंतची गाडी चालते, त्यामुळे लायसन्सचाही अडसर नसतो. आपल्याकडे खाजगी मालकासाठी अशी सोय नाही. म्हणून भावाने पाठवलेला तोच संच इथे बसवला तरी तुमचा आकडा जुनाच.

भावाला मात्र एक विचारा: गाडी आणि कॅराव्हॅन मिळूनच्या एकत्रित वजनाची मर्यादा वाढली का? पुष्कळदा ती वाढत नाही. गाडीत जितकं जास्त भरलं, तितकं ओढायचं कमी होतं.

१९. एवढी कटकट, तर सरळ बोलेरो कॅम्पर किंवा टाटा योद्धाच का घेऊ नये?

चांगला प्रश्न आहे, आणि याची टिंगल करणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. २०२२ साली आलेल्या योद्धा २.० चा पेलोडच दोन टन. तिच्यात वरची सगळी यादी भरून वर गावजेवणाची भांडी जातील. सुटे भाग तालुक्याला मिळतात, पाटे बदलणारा प्रत्येक नाक्यावर.

तोटे: रिकामी असताना पाठ मोडते, कारण पाटे दोन टनांसाठी घातलेले आहेत. लांबच्या प्रवासात आवाज आणि दमणूक. फोर बाय फोर हवी असेल तर नेमक्या कोणत्या मॉडेलमध्ये मिळते ते आधी बघा. पिवळी पाटी असली तर फिटनेस वेळच्या वेळी. परमिटबाबत कायद्यात ३,००० किलोंपर्यंत सकल वजनाच्या मालवाहू गाडीला सूट आहे, योद्धा २.० त्याच्या वर जाते. लायसन्सची भीती नको: साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

२०. मुलं हौद्यातल्या ओट्यावर झोपली तर चालेल? कॅनोपी बंद असते.

नाही. गाडी उभी असताना खुशाल. चालताना नाही. पट्टा नाही, हवा खेळत नाही, आणि मागून ठोकलं तर पहिला धक्का तिथेच.

२१. विमा कंपनीला हे सगळं सांगावं लागतं का?

सांगा, लेखी सांगा, आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. कॅनोपी, तंबू, बॅटरी यांची बिलं देऊन ते पॉलिसीत चढवून घ्या. नाहीतर चोरीला गेल्यावर ते तुमचे कधी नव्हतेच. वजनाच्या तीन पावत्यांचा (प्रश्न ४) फोटोही त्याच फोल्डरमध्ये.

२२. भरलेल्या गाडीने घाट उतरताना ब्रेकचा वास येतो. पॅड बदलू?

आधी उतरण्याची पद्धत बदला. ज्या गिअरवर चढला असतात त्याच गिअरवर, तीव्र उतारावर लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचे जास्त ताकदीचे, हळू गिअर), इंजिनला गाडी धरू द्या. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. वास आलाच असेल तर गाडी बाजूला घेऊन तासभर थांबा, गरम चाकावर पाणी ओतू नका. वरंध किंवा ताम्हिणी पूर्ण भरून दोनदा उतरा. तिथे वास आला तर तो हिमाचलातल्या साच पासला येणारच. चांगले पॅड नंतर.

२३. वजन कमी करायचंय. आधी काय काढू?

माझा क्रम असा आहे, पटला तर घ्या. सगळ्यात आधी पुढचा बंपर आणि विंच. मग लोखंडी कॅनोपी असेल तर फायबरची, किंवा चांगली ताडपत्री. ताडपत्रीत काही कमीपणा नाही. मग ड्रॉवर: सत्तर किलोंच्या प्लायवुडऐवजी झाकणाचे चार प्लास्टिकचे क्रेट, सगळे मिळून दहा किलो. शंभर एएचची लेड बॅटरी तीस किलोच्या आसपास, लिथियमची बारा-तेरा, पण ती महाग. घरचा मोठा सिलिंडर भरलेला जवळजवळ तीस किलो भरतो. पाच किलो गॅसचा छोटा पंधरा दिवसांना पुरतो. तंबू की हौद्यात झोपणं, एकच काय ते ठरवा. दोन्ही नेणारे दर रात्री एकातच झोपतात.

प्रवासाहून आल्यावर एक करून पाहा. सगळं सामान अंगणात मांडा आणि जे एकदाही बाहेर काढलं नाही त्यावर खडूने फुली मारा. माझ्या पहिल्या फुल्यांचं वजन ६२ किलो होतं. त्यात एक फावडं आणि तीन कॅम्पिंग खुर्च्या होत्या. आम्ही दोघंच गेलो होतो.

२४. जाताना वजन बरोबर होतं. गावाहून परतताना आई भरून देते, त्याचं काय करायचं?

हा प्रश्न गंमत म्हणून येतो, पण मी तो गंभीरपणे घेतो. तांदळाची गोणी ५० किलो. आंब्याची लाकडी पेटी भरून वीस-पंचवीस. नारळ, फणस, कोकमाचे डबे वेगळे. कोकणातून निघताना दोनशे किलो कधी चढतात ते कळत नाही, आणि लगेच पुढे घाटाची चढण असते. कोकणात जाताना टपावरचा तंबू आणि त्याचं कॅरियर घरीच उतरवून ठेवा. गावच्या घराला छप्पर आहे. ते ९५ किलो तांदळाला जातात. गोणी हौद्याच्या पुढच्या भिंतीला आडवी, पेट्या तिच्यावर दोनच थर, फणस तळाशी कोपऱ्यात आणि दोराने बांधून. सुटा फणस पहिल्या वळणालाच पेट्यांवर जातो. आमच्याकडे एकदा गेला होता. पुढचे चार दिवस घरात आमरसच होता.